तीन रविवारांची शिष्टाई

शिष्टाई म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो तो श्रीकृष्ण. पांडवांच्या वतीने तो हस्तिनापूरला गेला, राज्याचा हक्क बाजूला ठेवून पाच गावांवर तडजोड करायला तयार झाला, आणि दुर्योधनाने सुईच्या टोकावर मावेल एवढी जमीनही देणार नाही म्हणून सांगितलं. पुढचे अठरा दिवस सर्वांना ठाऊक आहेत. त्या युद्धालाही नियम होते. सूर्य मावळला की शस्त्रं खाली ठेवायची, हा त्यातला एक. शेवटी अश्वत्थाम्याने तो पार धाब्यावर बसवला, तेव्हा मारल्या गेलेल्यांत द्रौपदीची झोपलेली पाच मुलं होती.

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्या शिष्टाईबद्दल लिहितो आहे, ती त्या मानाने अगदी लहान. तिने राज्य मागितलं नाही, गावं मागितली नाहीत, युद्ध थांबवा असंसुद्धा म्हटलं नाही. तिने तीन रविवार मागितले, आणि ते मिळाले.

मी वॉशिंग्टन परिसरात बरीच वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं. या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको की इथे एल साल्वादोरहून आलेली कुटुंबं किती आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही मुलं शाळाप्रवेशासाठी लसीकरणाचे कागद घेऊन यायची. घडी घालून घालून झिजलेली पुठ्ठ्याची कार्डं. वेगवेगळ्या गावांतून आलेल्या मुलांच्या कार्डांवर मला पुन्हा पुन्हा त्याच तारखा दिसू लागल्या: ३ फेब्रुवारी, ३ मार्च आणि २१ एप्रिल १९८५. कॅलेंडर पाहिलं, तर तिन्ही दिवस रविवार. ऐन यादवी युद्धात, डोंगरातल्या खेड्यांतून, तीन वेळा, ठरलेल्या दिवशी लस पोचली कशी, या कुतूहलातून मी हा इतिहास वाचायला घेतला.

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दोन-तृतीयांश. १९८० ते १९९२ अशी बारा वर्षं तिथे सरकार आणि एफ.एम.एल.एन. ही डाव्या गनिमांची संघटना यांच्यात युद्ध चाललं. सुमारे ७५ हजार माणसं गेली. सरकारी सैन्याला अमेरिकेची भरघोस मदत होती, म्हणजे आपण ज्या देशात कर भरतो त्याच देशाची. चालातेनांगो आणि मोरासान या उत्तरेकडच्या डोंगराळ प्रांतांतले मोठे पट्टे गनिमांच्या ताब्यात होते. तिथे सरकारी दवाखाना, नर्स, लस, काहीही पोचत नव्हतं.

आता या गोष्टीतला शिष्टाई करणारा माणूस. जेम्स ग्रँट १९८० मध्ये युनिसेफचे प्रमुख झाले आणि १९९५ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या घराण्याचा आपल्या देशाशी एक धागा आहे, तो थोड्यांनाच माहीत असेल. त्यांचे वडील डॉ. जॉन ग्रँट १९३९ नंतर कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेचे संचालक होते आणि स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया घालणाऱ्या भोर समितीवरही त्यांनी काम केलं. खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र ही आपल्याकडची कल्पना त्याच समितीची. मुलगा बापाच्याच वळणावर गेलेला. खिशात जुलाबावरच्या क्षार-साखरेची पुडी बाळगायची आणि राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीत ती टेबलावर ठेवून बोलायला सुरुवात करायची, अशी त्यांची ख्याती होती.

१९८४ साली कोलंबियाने तीन ठरावीक दिवशी देशभर लसीकरणाची मोठी मोहीम पार पाडली होती. त्याच वर्षी ग्रँट एल साल्वादोरचे अध्यक्ष होसे नापोलेऑन दुआर्ते यांना भेटले. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुमच्या देशात वर्षभरात लढाईत जेवढी माणसं मरतात, त्याहून जास्त मुलं गोवर, धनुर्वात, डांग्या खोकला, घटसर्प आणि पोलिओ अशा लसीने टळणाऱ्या आजारांनी मरतात. मग मुलांना टोचण्यापुरती लढाई थांबवता येणार नाही का?

अध्यक्षांना हे सहज मान्य होण्यासारखं नव्हतं. लढाई थांबवा म्हणजे समोरच्याशी बोला, आणि बोला म्हणजे तो बरोबरीचा आहे हे कबूल करा. सेनापतींना भीती ही, की त्या दिवशी गनीम दारूगोळा हलवतील. तिकडे डोंगरातही तितकाच संशय. डॉक्टरांच्या वेषात हेर आले तर? आणि श्रेय सगळं सरकारने लाटलं तर?

इथे मध्यस्थ लागतो, आणि तो दोन्ही घरांत उठबस असलेला लागतो. आपल्याकडे भाऊबंदकीत दोघांनाही दटावू शकेल असा एखादा मामा शोधतात ना, तसा. एल साल्वादोरमध्ये ते काम कॅथलिक चर्चने केलं. आर्चबिशप आर्तुरो रिवेरा इ दामास यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये ला पाल्मा या गावातल्या चर्चमध्ये दुआर्ते आणि गनिमांचे नेते यांना पहिल्यांदा समोरासमोर बसवलं होतं. शांततेची ती बोलणी पुढे सरकली नाहीत. पण निरोप जाण्या-येण्याची वाट तयार झाली, आणि लसीचा निरोप त्याच वाटेने गेला.

या आर्चबिशपांच्या आधी त्या गादीवर ऑस्कर रोमेरो होते. २४ मार्च १९८० रोजी, एका रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. ही हत्या सैन्यातले माजी मेजर रोबेर्तो दाउबिसाँ यांच्या आदेशावरून झाली, असा निष्कर्ष पुढे १९९३ मध्ये सत्यशोधन आयोगाने काढला. म्हणजे आपल्या पूर्वसुरीला मारणाऱ्यांचे सोबती ज्या बाजूला होते, त्या बाजूचे निरोपही रिवेरा इ दामास पोचवत होते.

ठरलं ते असं. तीन रविवार कोणी कोणावर गोळी झाडायची नाही. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला करार केलाच नाही. सही म्हटली की पदनाम आलं, पदनाम आलं की मान्यतेचा प्रश्न आला. सरकारने आपल्या लोकांना सांगायचं, गनिमांनी आपल्या लोकांना, आणि मधल्यांनी दोघांचा शब्द धरून ठेवायचा. लढाऊ पट्ट्यांत सरकारी माणसांऐवजी रेड क्रॉस आणि चर्चने पुढे व्हायचं. नाव 'शांततेचे दिवस'. युद्धबंदी हा शब्दच टाळलेला.

तीनच दिवस का? हे वैद्यकशास्त्राने ठरवलं. पोलिओचा आणि त्रिगुणी लसीचा प्राथमिक क्रम तीन मात्रांचा, दोन मात्रांत किमान चार आठवड्यांचं अंतर. एकच दिवस मिळाला असता तर फोटो छान निघाले असते, मुलं मात्र अर्धवट सुरक्षित राहिली असती. शिवाय लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. आदल्या दिवसापासून बर्फाच्या पेट्या गाडीने, मग खेचरावर, मग खांद्यावर जायला हव्यात. वाटेत नाक्यावर कोणी तासभर अडवलं, तरी पेटीतली लस वाया जाण्याची भीती.

सुमारे २० हजार आरोग्यसेवक आणि स्वयंसेवक कामाला लागले आणि अंदाजे अडीच लाख मुलांना लस मिळाली. पुढे युद्ध संपेपर्यंत दरवर्षी हे दिवस पाळले गेले. त्याच सप्टेंबरात गनिमांनी खुद्द दुआर्तेंच्या मुलीला पळवून नेलं. ऑक्टोबरमध्ये कैद्यांच्या बदल्यात ती सुटली, त्या वाटाघाटींतही चर्च होतंच. एवढं होऊनही पुढच्या वर्षीचे लसीचे दिवस दोघांनी पाळले, याचं मला आजही नवल वाटतं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण ती इथेच थांबवली तर इतिहास म्हणता येणार नाही.

डिसेंबर १९८१ मध्ये याच मोरासान प्रांतात, एल मोसोते गावात, सरकारी सैन्याच्या आतलाकात्ल पलटणीने गावकऱ्यांची कत्तल केली. १९९२ मध्ये तिथल्या चर्चलगतच्या एका इमारतीखाली खोदकाम झालं तेव्हा १४३ सांगाडे सापडले. त्यांतले १३१ बारा वर्षांखालच्या मुलांचे होते. ज्या सैन्याने हे केलं, त्याच सैन्याला तीन वर्षांनी 'रविवारी मुलांना लस टोचू द्याल का' असं विचारायचं? आणि त्याने हो म्हटलं की आभार मानायचे? आमच्या गप्पांच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एका मित्राने रागाने विचारलं, "अशा लोकांना दयाळूपणाचं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार युनिसेफला दिला कोणी?"

प्रश्न खोटा नाही. ज्याच्याकडे परवानगी मागायची, त्याचं वजन वाढतंच. सुदानमध्ये हे फार ठळकपणे दिसलं. १९८८ च्या दुष्काळात आणि युद्धात दक्षिण सुदानमध्ये सुमारे अडीच लाख माणसं दगावली असा अंदाज आहे. त्यानंतर १९८९ मध्ये ग्रँट यांनीच पंतप्रधान सादिक अल-महदी आणि बंडखोरांचे नेते जॉन गरांग या दोघांकडून अन्न नेण्याच्या वाटा मोकळ्या करून घेतल्या. 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' या नावाने हे काम एप्रिलमध्ये सुरू झालं. जूनच्या अखेरीस ओमर अल-बशीर यांनी सत्ता बळकावली, तरी करार टिकला. पण विमान कुठे उतरेल आणि कुठे नाही, याची परवानगी खार्टूमच्या हातात राहिली. १९९८ मध्ये बहर अल-गझल भागात उपासमार सुरू असताना सरकारने काही आठवडे विमानांना बंदी केली. परवानगी मागायची पद्धत पडली की ती नाकारण्याचं हत्यारही समोरच्याच्या हाती येतं. बंडखोर काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्या भागातही लोकांसाठी आलेलं धान्य सैनिकांच्या पोटात गेलंच.

कायद्याचा आधार नाही का? आहे, पण तोकडा. १९४९ च्या जिनिव्हा करारात पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठीचं अन्न, कपडे, औषधं यांना वाट देण्याचं कलम आहे, तेही अटींसह, आणि मुख्यतः दोन देशांतल्या युद्धासाठी. देशांतर्गत युद्धात निःपक्षपाती संस्था आपली सेवा 'देऊ करू' शकते, एवढंच म्हटलं आहे. १९७७ च्या पूरक मसुद्यातही सरकारची संमती लागते. म्हणजे कायदा तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतो. कडी आतूनच कोणीतरी काढावी लागते.

माझ्या त्या मित्राला मी जे उत्तर दिलं तेच इथे देतो. ग्रँट यांनी कोणालाही निर्दोष ठरवलं नाही. न्याय करणं हे दुसऱ्यांचं काम होतं, आणि ते सत्यशोधन आयोगाने आपल्या परीने केलं. त्यांचं काम सुई मुलाच्या दंडापर्यंत नेण्याचं होतं. युनिसेफ १९४६ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले प्रमुख मॉरिस पेट यांनी पद स्वीकारताना अट घातली होती, की कालच्या शत्रुराष्ट्रांतल्या मुलांनाही मदत मिळाली पाहिजे. ते मूल कोणाचं हे विचारायचं नसेल, तर ज्याच्या ताब्यात ते मूल आहे त्याच्याशी बोलावंच लागतं. गोवर न्यायाची वाट बघत थांबत नाही.

पण एल साल्वादोर आणि सुदान यांतला फरक विसरू नये. साल्वादोरमध्ये मागणं मोजकं होतं, तारखा पक्क्या होत्या, आणि शब्द मोडला तर रविवारच्या प्रार्थनेत साऱ्या गावाला ते कळणार होतं. आपलीच मुलं टोचून घेतली जाताहेत हे दोन्हीकडच्या सैनिकांना दिसत होतं. सुदानमध्ये मागणं वर्षानुवर्षांचं, रोजच्या अन्नाचं होतं. ते अडवण्यात लढणाऱ्यांचा फायदा होता.

ही रीत अजून जिवंत आहे. गाझामध्ये पंचवीस वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये भागाभागाने, दिवसाचे काही तास लढाई थांबवून पहिल्या फेरीत दहा वर्षांखालच्या सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना डोस पाजले गेले. युद्ध थांबलं नाही. दुसऱ्या फेरीत उत्तर गाझातलं काम लढाईमुळे लांबलंसुद्धा. तरी डोस पोचले.

आपल्या मराठी शाळेतल्या मुलांना आपण कृष्णशिष्टाई शिकवतो, ती फसली हेही सांगतो. त्याच तासाला एल साल्वादोरची ही गोष्टही सांगावी असं मला वाटतं. त्यांच्या इंग्रजी शाळेच्या वर्गांत त्या देशातली मुलं शेजारीच बसतात. त्यांच्यातल्या कुणाची आई किंवा वडील १९८५ च्या त्या रविवारी रांगेत उभे असतील.