छायाचित्रांचे मोडी दफ्तर

कॅमेऱ्याने घेतलेली ‘रॉ’ म्हणजे कच्ची छायाचित्रे संगणकावर पाहण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रश्न आमच्या संत तुकाराम नगरातील तरुण मंडळी हल्ली वारंवार विचारताना दिसतात. वरवर पाहता हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा आहे. त्याने एखादे नाव सांगावे, आपण ते घ्यावे आणि घरी जावे. अशा प्रश्नासाठी वसंतातील एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, असे कोणी म्हणेल. परंतु थोडा विचार केल्यावर आमचे मत असे झाले आहे की, हा प्रश्न बाजाराचा जितका आहे त्याहून अधिक इतिहासाचा आहे. तो कसा, हेच आज आम्हांला सांगायचे आहे.

आरंभ पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून करू. त्या दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. कागद चांगला, शाई टिकाऊ, रुमाल नीट बांधलेले. तरीही आपल्यापैकी कोणी तेथे जाऊन एखादा रुमाल सोडला तर त्याला एक ओळही लागण्याचा संभव थोडा. कारण ते कागद मोडीत आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी आपल्या शाळांतून गेली. मोडीतही प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे, शब्द तोडण्याची रीत निराळी, आकडे लिहिण्याची तऱ्हा निराळी. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले; तेव्हा कोठे त्या मुक्या कागदांपैकी काही बोलू लागले. बाकीचे अद्याप वाचकाची वाट पाहत आहेत. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कागद जपणे हे अर्धे काम, तो वाचणारा जपणे हे उरलेले अर्धे काम. दुसरे राहिले तर पहिले व्यर्थ जाते.

आता छायाचित्रांकडे वळू. आपल्या प्रांतात ही कला फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या काही वर्षांतील एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होत. पुढे दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून घेतले, आणि त्याच विद्येच्या बळावर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. या साऱ्या काळात छायाचित्राचे मूळ म्हणजे निगेटिव्ह. आधी काचेची, मग फिल्मची. या निगेटिव्हचे वैरी पुष्कळ होते. काच फुटे, फिल्मला बुरशी लागे, नायट्रेटची फीत तर आपणहोऊन पेट घेई. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा जुन्या फितींच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने चित्रपट गेले, आणि त्यांत प्रभातच्याही मूळ फिती होत्या. परंतु त्या निगेटिव्हचा एक मोठा गुण असा की, ती वाचायला कोणाचीही परवानगी लागत नसे. दीडशे वर्षांपूर्वीची काच आज कोणी खिडकीशी धरली तर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे झालेले का होईना, त्याला चित्र दिसते. डोळा आणि उजेड एवढ्या सामग्रीवर काम भागते.

रॉ फाइल ही आजची निगेटिव्ह होय, असे सर्वजण म्हणतात आणि ते बरोबरही आहे. मात्र नेमका हा गुण तिच्यात नाही. ती उजेडात धरता येत नाही. ती वाचायला मध्ये एक दुभाषा लागतो, आणि सॉफ्टवेअर म्हणजे हा दुभाषा.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला अंकीय कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ साली एका जाळीचे पेटंट मिळाले. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टीला रंग कळत नाही. उजेड किती पडला एवढेच तिला कळते. म्हणून बायर यांनी तिच्यावर रंगीत ठिपक्यांची जाळी बसवली. निम्मे ठिपके हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. त्यामुळे प्रत्येक बिंदूला एकाच रंगाची खबर मिळते, आणि उरलेल्या दोन रंगांचा अंदाज शेजारच्या बिंदूंवरून करावा लागतो. हा अंदाज करण्यापूर्वीची जी नुसत्या आकड्यांची नोंद, तीच रॉ फाइल. ती चित्र नव्हे. चित्र होण्याजोगी सामग्री आहे. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर जेपेग हे वाढलेले ताट, आणि रॉ हा निवडून ठेवलेला शिधा.

या शिध्याचा उपयोग काय, ते आपल्या गावच्याच उदाहरणावरून पाहू. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उरकून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरीवरून पुढे जाते, तेव्हा रस्त्याकडेला शेकडो कॅमेरे उभे असतात. वारकऱ्याची टोपी आणि सदरा पांढरे शुभ्र, चेहरा उन्हाने रापलेला, आणि आभाळाचा नेम नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६ असतात. टोपी राखावी तर चेहरा काळवंडतो, चेहरा राखावा तर टोपीचा नुसता पांढरा डाग होतो, आणि एकदा गेलेला तपशील परत आणता येत नाही. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये पायऱ्या १६,३८४ असतात. टोपी जळू न देता चित्र घेतले असेल तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या नंतर उजेडात आणता येतात. किंमत अर्थात मोजावी लागते. दोन कोटी चाळीस लाख बिंदूंचे एक चित्र न दाबता ठेवले तर सुमारे ४२ मेगाबाइट जागा घेते.

येथवर सारे ठीक आहे. अडचण पुढे आहे. ही आकड्यांची वही कशी लिहावी, याविषयी कॅमेरे करणाऱ्या कंपन्यांत एकमत कधीच झाले नाही. कॅननची वही निराळी, निकॉनची निराळी, सोनीची आणखी निराळी. आणि एकाच कंपनीची नवी वहीही जुनीसारखी असेलच असे नाही. कारकून तितकी वळणे, हा मोडीचाच प्रकार झाला! २००५ साली तर निकॉनच्या एका नव्या कॅमेऱ्यातील पांढऱ्या रंगाच्या तोलाची नोंद सांकेतिक लिपीत आढळल्यावरून मोठा वाद माजला. चित्र काढले मी, मग त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात का, असा छायाचित्रकारांचा सवाल होता. तो आजही रास्त आहे.

या कोंडीवर उपाय करणारे लोकही निघाले. डेव्ह कॉफिन या अमेरिकन गृहस्थाने १९९७ साली ‘डीसीरॉ’ नावाची एक लहानशी आज्ञावली लिहिली आणि कॅमेऱ्यामागून कॅमेऱ्याची वही स्वतः उलगडून ती सर्वांना मोकळी केली. मोडीचे वाचन करून ते छापून देणाऱ्या आपल्या संशोधकांच्या जातकुळीचे हे काम आहे. २००८ पासून त्याच पायावर ‘लिबरॉ’ उभे राहिले, आणि २०१९ साली मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये रॉ चित्रे दिसण्याची जी सोय दिली तीही त्याच्याच आधाराने. कॉफिन यांच्या आज्ञावलीची अखेरची आवृत्ती २०१८ ची. त्याच वर्षी कॅननने नवी वही आणली, आणि ती वाचण्याचे काम पुढे लिबरॉने उचलले. काम एकाने टाकले तरी दुसऱ्याला उचलता आले, कारण ते उघड्यावर मांडलेले होते. दरम्यान २००४ साली अडोबी कंपनीने ‘डीएनजी’ नावाची सर्वांसाठी खुली अशी एक समान वही सुचवली. काही कंपन्यांनी ती स्वीकारली. मोठ्या कंपन्यांनी मात्र बहुतांशी आपापली वळणे सोडली नाहीत.

बंद दाराआडच्या कामाचे काय होते, त्याचाही दाखला घ्यावा. ॲपलचे ‘ॲपर्चर’ २००५ साली आले, पुष्कळांच्या पसंतीस उतरले, आणि २०१४ साली कंपनीने ते पुढे वाढवणार नसल्याचे जाहीर केले. २०१९ नंतरच्या मॅकवर ते चालतच नाही. घरोघरी वापरले जाणारे गूगलचे ‘पिकासा’ २०१६ साली बंद झाले. अडोबीच्या ‘लाइटरूम’चा व्यवहार २०१७ नंतर एकदाच किंमत देण्याऐवजी वर्गणीवर आला. यांत कोणाचा अपराध आहे असे आमचे म्हणणे नाही. कंपनीने आपला व्यवहार पाहावा हे स्वाभाविक आहे. परंतु आपण आपले दफ्तर पाहावे हेही तितकेच स्वाभाविक आहे.

तेव्हा निवड कशी करावी? प्रथम, काम कोणते ते ठरवावे. पाहणे, निवडणे आणि धुणे ही तीन कामे वेगळी आहेत. नुसते पाहण्यासाठी ‘इरफानव्ह्यू’ किंवा ‘एक्सएनव्ह्यू’ यांसारखी, घरगुती वापरास मोफत मिळणारी हलकी साधने पुरतात. मात्र येथे एक मेख आहे. बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेले एक लहान जेपेग असते, आणि झटपट चालणारी साधने पुष्कळदा तेच दाखवतात. आपण म्हणतो, रॉ पाहिली. वस्तुतः आपण कॅमेऱ्याचे मत पाहिलेले असते. पांढरी टोपी जळाली आहे की शिल्लक आहे, हे त्यावरून कळत नाही. शेकडो चित्रांतून ठेवायची कोणती आणि टाकायची कोणती, हे ठरवताना मूळ आकडे दाखवणारे साधन हवे. ‘फास्टरॉव्ह्यूअर’ याच कामासाठी आहे. ते विकत घ्यावे लागते. धुण्यासाठी ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉथेरपी’ ही मोफत व खुली आहेत. चित्रांची नोंदवही ठेवायला ‘डिजिकॅम’ आहे. ती शिकायला थोडा सराव लागतो, हे खरे.

दुसरे, साधन मूळ फाइलीस हात लावीत नाही ना, हे पाहावे. चांगली साधने आपले फेरफार शेजारी वेगळ्या टिपणात लिहितात. अस्सल कागदावर शेरा मारू नये, हा दफ्तराचा जुना नियम त्यांनी पाळलेला असतो. तिसरे, हे साधन उद्या बंद पडले तर आपले टिपण दुसरे कोणी वाचू शकेल काय, असा प्रश्न घेण्यापूर्वीच विचारावा. आणि चौथे, निवडक चित्रांची रॉबरोबर एक जेपेग किंवा टिफ प्रतही करून ठेवावी, आणि दोन्ही दोन ठिकाणी ठेवाव्यात. मोडीच्या शेजारी बाळबोध प्रत असावी, तसेच हे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? फोनवरचे चित्र काय वाईट असते? नाही, वाढदिवसाच्या केकसाठी ते पुरेसे आहे, आणि प्रत्येक चित्र रॉमध्ये साठवणारा मनुष्य लौकरच स्वतःच्या अडगळीत हरवतो. परंतु काही चित्रे केवळ घरची नसतात. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले तेव्हा पिंपरी हे खेडे होते. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका, आणि ६ मार्च २०२२ रोजी आमच्या नगराच्या नावाचे मेट्रो स्थानक सुरू झाले. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात शेते गेली, कारखाने आले. आणि आता काही कारखान्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. या स्थित्यंतराची बखर कोणी लिहिलेली नाही. ती पाळी सुटताना फाटकाशी घेतलेल्या, पालखीच्या वाटेवर घेतलेल्या, चाळ पाडण्याच्या आदल्या दिवशी घेतलेल्या चित्रांत विखुरलेली आहे, आणि ती चित्रे आमच्याच मुलांच्या संगणकांत पडून आहेत. उद्याचा संशोधक त्यांच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा ती त्याच्याशी बोलतील की मुकी राहतील, हे आज कोणते साधन निवडले जाते त्यावर काही अंशी ठरणार आहे.

ज्यांच्या नावाने हे नगर वसले त्यांच्या गाथेचीच गोष्ट घ्या. वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तरी अभंग राहिले. ते लोकांच्या मुखी होते आणि अनेकांच्या हस्तलिखितांत होते. सरकारी आश्रयाने इंदुप्रकाश छापखान्यात गाथा छापली गेली आणि १८७३ साली ती पुरी झाली, तीही अशाच निरनिराळ्या प्रती ताडून पाहून. एकाच पेटीत, एकाच कुलुपात, एकाच किल्लीच्या भरवशावर ती राहिली असती तर आपल्यापर्यंत आली नसती. तेव्हा कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच: ज्याची किल्ली आपल्या हाती राहील ते घ्यावे, आणि त्याची एक किल्ली शेजाऱ्याकडेही देऊन ठेवावी.