भिंत नसलेला तुरुंग आणि गवती चहाचा डबा

ज्यांना कानात घालून ऐकायला जमत नाही, बसमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, डोकं शांत राहावं म्हणून घरात झाडं लावा असं सगळे सांगतात. खरंच उपयोग होतो का? माझ्याकडून तर मनी प्लांट पण मरतो." मी टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं की या प्रश्नाचं माझ्याकडचं सगळ्यात चांगलं उत्तर एका तुरुंगात आहे. तो तुरुंग आपल्याच भागात, आटपाडीला आहे. पण आधी माझं थोडं सांगतो, नाहीतर मी या विषयात का पडलो ते कळणार नाही.

मी कराडचा. बीटेक सांगलीत केलं, आता पुण्यात कोड लिहितो. 2021 मध्ये बाबा गेले. आमच्या गच्चीवर त्यांची बाग होती. बाग म्हणजे काय, तर रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे पत्र्याचे डबे आणि एक फुटकी घागर. बाबा गेल्यावर वर कोणी गेलंच नाही. आई जायची नाही, मला धाडस व्हायचं नाही. पाचेक महिन्यांनी मी वर गेलो तेव्हा गुलाब, मोगरा, मिरची, सगळं वाळून काटक्या झालेल्या. जिवंत होतं ते फक्त तीन डब्यांत. कोरफड, पानओवा, आणि वरून पिवळा पडलेला पण बुडाशी हिरवा असलेला गवती चहा. तो गवती चहाचा डबा मी पिशवीत घालून पुण्याला आणला.

त्या काळात मला झोप नव्हती. मीटिंगमध्ये छातीत धडधडायचं. हेही सांगतो की मी काउन्सेलरकडे जात होतो, औषधंही चालू होती. नाहीतर कुणीतरी हे वाचून गोळ्या सोडेल आणि नर्सरीत जाईल. तसं करू नका. पण आई रोज रात्री फोनवर एकच विचारायची, "पाणी घातलंस का रं?" मी कसा आहे हे तिला विचारता येत नव्हतं, मला सांगता येत नव्हतं. डब्याबद्दल मात्र दोघांनाही बोलता यायचं.

आता इतिहास.

स्वातंत्र्याआधी औंध नावाचं एक छोटं संस्थान होतं. आजच्या सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात जे औंध आहे, यमाईच्या डोंगराचं, ते राजधानीचं गाव. संस्थान सलग नव्हतं. एक तुकडा औंधला, एक कुंडलला, एक आटपाडीला, तर एक पार विजापूरकडं. सगळी मिळून 72 गावं. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कार घरोघरी नेणारे, स्वतः चित्रं काढणारे. औंधचं संग्रहालय त्यांचंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली तीही यांनीच. (त्यावर वेगळा भाग करणार आहे, कमेंट करून आठवण देऊ नका, लक्षात आहे!)

या संस्थानात एक पोलिश इंजिनियर आला. मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात वाढलेला ज्यू माणूस, बंगळूरला सरकारी विजेच्या कारखान्यात कामाला होता. पुढं त्यानं भगवी वस्त्रं घेतली, भारतानंद नाव लावलं, गांधीजींसोबत चरख्याच्या रचनेवर काम केलं. मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं जे इंग्रजी पुस्तक 1973 मध्ये आलं आणि जगभर गेलं, तेही यानंच केलेलं. थोडक्यात, आमच्या धंद्यातला माणूस, पण फारच पुढं गेलेला.

फ्रीडमन आणि राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत गांधीजींना भेटले आणि त्यांच्या सल्ल्यानं राजांनी आपली सत्ता लोकांच्या हाती दिली. जानेवारी 1939 मध्ये औंधचं स्वराज्य संविधान लागू झालं. राजानं स्वतःहून राज्य सोडलं, ही गोष्ट शाळेत आपल्याला शिकवली का? मला तरी नाही.

त्याच वर्षी दुसरा प्रयोग झाला, आणि मला तो पहिल्यापेक्षा धाडसाचा वाटतो. फ्रीडमननं संस्थानच्या तुरुंगातले कैदी भिंतीबाहेर आणायची कल्पना मांडली आणि राजे हो म्हणाले. आटपाडीजवळच्या माळावर वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. यात खुनाच्या शिक्षेचे कैदी होते. त्यांना साखळी नाही, कोट नाही. राहायला घर, कसायला जमीन आणि सोबत बायकापोरं.

ज्यांनी माणदेश पाहिला नाही त्यांना या वाक्यातला 'जमीन' हा शब्द फार हिरवा वाटेल. विट्याहून खानापूर, भिवघाट करत आटपाडीकडं एकदा मे महिन्यात जा. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात. पण तेव्हाचं बघायचं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचा. 1955 ची कादंबरी, याच औंध संस्थानातला कोवळा मास्तर, याच मुलखातली वाडी, आणि शेवटी दुष्काळानं मोकळं झालेलं गाव. असल्या जमिनीत बाग नावाची गोष्ट छंद म्हणून होत नाही.

म्हणूनच तिथं काय होत असेल याचा विचार मी फार केलाय. मी कल्पना करतो ती अशी. जन्मठेपेचा माणूस वर्षांत विचार करतो. चौदा वर्षं, वीस वर्षं. एवढ्या लांबच्या तारखेकडं बघत रोज सकाळी उठणं अवघडच. मेथी मात्र महिनाभरात काढायला येते. मुळ्याला त्याहून थोडं जास्त लागतं. वाफा लावला की माणसाच्या हाती जवळची तारीख येते. आणि ती तारीख कोर्टानं दिलेली नसते.

दुसरी गोष्ट, भिंत नाही म्हणजे रात्री पळता येतं. पळालात तर सकाळी वाफ्याला पाणी कोण घालणार? हसू नका, मला यातच सगळा मुद्दा दिसतो. आपण म्हणतो की हिरवळ बघून मन शांत होतं. होत असेलही. पण स्वतंत्रपुरात बघायला हिरवळ होतीच कुठं? तिथं होतं ते एवढंच की ज्या माणसावर कुणी पाच मिनिटं विश्वास टाकला नसता, त्याच्या हातात एक जिवंत गोष्ट दिली आणि वर राखण ठेवली नाही.

आता वकिली दुसऱ्या बाजूनं. बायकापोरं सोबत ठेवणं ही दया होती की दोरी? मला वाटतं दोन्ही. बाप पळाला तर मागं कुटुंब उघड्यावर. शिवाय खुल्या तुरुंगात सरसकट कुणालाही पाठवत नाहीत, वागणूक बघून निवडतात. म्हणजे जे आधीच सावरायला लागलेत तेच तिथं पोचतात, आणि श्रेय मात्र मातीला मिळतं. आणि ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्यांच्या दारात कुणी वाफा लावून दिला? ही गोष्ट सांगताना तो प्रश्न मला दरवेळी अडवतो, आणि मी तो सोडवू शकलेलो नाही.

ही गोष्ट तुम्ही पडद्यावर पाहिली असेल. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ', 1957. कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे शेटफळ्याचा, आटपाडीच्याच मुलखातला माणूस. सिनेमात एक जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरानावर जातो, भाजी पिकवतो, बाजारात स्वस्त विकतो, आणि व्यापारी चिडतात. बर्लिनच्या महोत्सवात 1958 मध्ये त्याला चांदीचं अस्वल मिळालं. सिनेमाला शेवट लागतो, म्हणून जेलर मरतो. खऱ्या स्वतंत्रपुराला असा शेवट नाही. 1948 मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झालं. 1949 मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले, आटपाडी 'दक्षिण सातारा' जिल्ह्यात गेली, आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. राजा गेला, संस्थान गेलं, जिल्ह्याचं नाव दोनदा बदललं, पण वसाहत राहिली. ती आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. पुढं 1963 मध्ये राजस्थानात सांगानेरला कुटुंबासह राहायचा खुला तुरुंग निघाला. त्याआधी चोवीस वर्षं आपल्याकडं हे चालू होतं. तिथं कैदी आणि त्यांची मुलं राहतात, तेव्हा कृपा करून रील काढायला जाऊ नका.

आता ज्याच्याकडं शेतच नाही त्याचं काय? तर नेल्सन मंडेला. 1982 मध्ये त्यांना रॉबेन बेटावरून केपटाऊनजवळच्या पोल्समूर तुरुंगात आणलं. तिथं जमीन नव्हती, फक्त सिमेंटची गच्ची. त्यांनी तेलाची सोळा पिंपं मागून घेतली, अर्धी कापली, त्यात माती भरली. बत्तीस कुंड्या! आत्मचरित्रात ते लिहितात की त्यात कांदे, वांगी, कोबी असं करत जवळपास नऊशे रोपं होती. भाजी कैद्यांना आणि पहारेकऱ्यांनाही जायची. तेलाचे डबे आणि गच्ची हे वाचलं तेव्हा मला कराडचं घर आठवलं, ते सांगायला नकोच.

तर मनी प्लांटवाल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाकडं येतो. गुलाबापासून सुरू करू नकोस. आपल्या आज्यांची परसबाग आठव. न्हाणीचं पाणी सरळ अळूला आणि केळीला जायचं. कुणी वेगळं पाणी घालायला जायचं नाही, आंघोळ झाली की झालं. कमी कष्टाची बाग हा काही ॲपवाल्यांचा शोध नाही. फ्लॅटमध्ये तेवढं जमत नाही, पण तांदूळ धुतलेलं पाणी गवती चहाला चालतं. पानओव्याची फांदी तोडून मातीत खोचली की बहुतेक लागते. कोरफडीला आठ-दहा दिवस विसरलास तरी ती रागावत नाही, उलट जास्त पाण्यानं कुजते. डब्याला खालून भोक पाड. मनी प्लांट तू बहुतेक पाणी घालून घालूनच मारलायस, काळजी जास्त झाली.

आणि एखादं मेलं तर? माझ्या हातून दोन तुळशी गेल्या. पहिली गेली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, जे बाबांच्या वेळी झालं नव्हतं. काउन्सेलरला सांगितलं तर त्या म्हणाल्या, चला, सुरुवात झाली.

मागच्या दिवाळीला त्या गवती चहाचं अर्धं ठोंब सुरीनं कापून मी कराडला परत नेलं. आई म्हणाली, ठेव तिकडं कोपऱ्यात. मी काही बोललो नाही, गच्चीवर बाबांच्याच डब्यात लावून आलो. चार दिवसांनी पुण्याला पोचलो, रात्री फोन आला. मी वाट बघत होतो त्या नेहमीच्या प्रश्नाची. आई म्हणाली, "घातलं पाणी. आणि ती मिरचीची वाळलेली काटकी उपटून टाकली बघ. कशाला ठेवलीयती अजून."