अंकपाश

अंकपाश : दिलेल्या अंकांच्या किंवा वस्तूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्या होतात, हे एकेक मांडणी करून न पाहता काढण्याचे गणित. भास्कराचार्यांच्या (जन्म शके १०३६, इ. स. १११४) ‘लीलावती’ या ग्रंथाच्या (इ. स. ११५०) शेवटच्या प्रकरणाचे हे नाव. पाश म्हणजे फास. इथे गुणाकार, भागाकार, वर्ग, घन असे काही विचारलेले नाही, तरी गर्विष्ठ गणकबटू या फासात पडतीलच, असा इशारा स्वतः भास्कराचार्यांनी दिला आहे. आजच्या भाषेत हा विषय क्रमचयाचा.

मूळ नियम सोपा आहे. वस्तू सगळ्या वेगळ्या असतील तर १ पासून त्यांच्या संख्येपर्यंतच्या अंकांचा गुणाकार करायचा. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधे अदलाबदल करून दिली तर मूर्तीचे २४ प्रकार होतात. दशभुज शंकराच्या दहा वस्तूंचे ३६,२८,८००. काही अंक सारखे असतील तर सारख्या अंकांच्या आपापसातल्या मांडण्यांनी भागायचे : ४, ८, ५, ५, ५ यांच्या पाच अंकी संख्या १२० नव्हे, २० होतात.

भास्कराचार्य मोजदादीवर थांबत नाहीत. तयार झालेल्या सर्व संख्यांची बेरीजही विचारतात. ३, ९, ८ यांच्या सहा संख्या होतात. प्रत्येक अंक एककस्थानी दोनदा, दशकस्थानी दोनदा, शतकस्थानी दोनदा येणार. अंकांची बेरीज २०, म्हणून प्रत्येक स्थानाच्या वाट्याला ४०. ते ४० एकेक घर सरकवून तीनदा मांडले की ४,४४० हे उत्तर येते. २ ते ९ या आठ अंकांच्या ४०,३२० संख्यांची बेरीज याच रीतीने २४,६३,९९,९९,७५,३६० निघते. एवढ्या संख्या लिहून काढायलाच कित्येक दिवस लागतील. बेरीज मात्र चार ओळींत होते.

प्रकरणातला सर्वांत खोल प्रश्न याच्या पुढचा आहे. शून्य न वापरता अशा किती पाच अंकी संख्या आहेत, की ज्यांच्या अंकांची बेरीज १३ येते? उत्तर ४९५. सूत्रात रीत दिली आहे, कारण दिलेले नाही. ते असे लावता येते. तेरा चिंचोके एका ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये बारा फटी राहतात. त्यांतल्या कोणत्याही चार फटींत काड्या ठेवल्या की चिंचोक्यांचे पाच गट पडतात, आणि प्रत्येक गट म्हणजे एक अंक. बारांतून चार फटी निवडण्याचे प्रकार (१२×११×१०×९) ÷ (१×२×३×४), म्हणजे ४९५. या नियमाला भास्कराचार्यांनी मर्यादाही घातली आहे : अंकांची बेरीज ‘स्थानसंख्या अधिक नऊ’ यापेक्षा कमी असावी. बेरीज १४ झाली तर एखाद्या गटात दहा चिंचोके जमू शकतात, आणि दहा हा अंकच नाही. नियम सांगणारे पुष्कळ असतात; तो कुठे मोडतो हे नेमके सांगणे ही या प्रकरणाची खरी थोरवी आहे.

क्रम न पाहता नुसती निवड मोजण्याची रीत ‘लीलावती’त आधीच, मिश्रव्यवहार या प्रकरणात, येते. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय या सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे घेत गेल्यास ६, १५, २०, १५, ६, १ अशी एकूण ६३ मिश्रणे होतात. हीच संख्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे. छंदांचे लघु-गुरू मोजताना पिंगलाच्या परंपरेत हे गणित फार पूर्वी रुजले होते, आणि निवडीचे सर्वसाधारण सूत्र नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त दिले. पुढे नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त (१३५६) अंकपाशावर मोठे प्रकरण लिहिले.

संभाव्यतेचे गणित मात्र या परंपरेतून निघाले नाही. त्याचा आरंभ पास्काल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारापासून धरतात. त्याचा पाया मोजणीचाच. शून्य नसलेल्या पाच अंकी संख्या ५९,०४९ आहेत. त्यांतली एक डोळे मिटून उचलली, तर तिच्या अंकांची बेरीज १३ असण्याची संभाव्यता ४९५ भागिले ५९,०४९, म्हणजे शंभरात एकाहूनही थोडी कमी.

मांडण्यांची मोजणी संगीतातही आली. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे ५,०४० क्रम वरच्या मूळ नियमाच्याच गुणाकाराने मोजले. त्याच सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापला. तसे सांगणारा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्ध केला.