विद्यार्थी स्वयंसेवा आणि ग्रामीण आरोग्य : मेक्सिकोतील पियाक्स्तला प्रकल्पाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक विद्यार्थी सुट्टीच्या काळात लॅटिन अमेरिकेतील खेड्यांत सेवाकार्यासाठी जाऊ लागले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पीस कोअरमुळे तरुणांच्या परदेशातील स्वयंसेवेला शासकीय अधिष्ठानही लाभले. मात्र अल्पकाळ येणाऱ्या आणि स्थानिक भाषा न जाणणाऱ्या तरुणाच्या सेवेने खेड्याचे नेमके काय साधते, हा प्रश्न त्याच दशकात पुढे आला. त्या दृष्टीने पियाक्स्तला प्रकल्पाचा इतिहास उद्बोधक आहे.

प्रकल्पाचा उगम :
कॅलिफोर्नियातील जीवशास्त्राचे शिक्षक डेव्हिड वर्नर १९६० च्या दशकाच्या मध्यास सिनालोआ राज्यातील सिएरा माद्रे पर्वतराजीत पोहोचले. वैद्यकीय सेवेपासून वंचित असलेल्या तेथील वस्त्यांसाठी आहोया हे गाव केंद्र मानून आरोग्यकार्य सुरू झाले. आरंभी या कार्याची भिस्त बाहेरून येणाऱ्या तरुण अमेरिकी स्वयंसेवकांवर होती. रुग्णांना उपचार मिळत होते; परंतु स्वयंसेवक परतला की त्याचे कौशल्यही त्याच्यासोबत परत जात असे.

इलिच यांची टीका :
१९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेतच या सेवाभावावर प्रखर टीका केली. विद्यार्थ्यांचा हेतू चांगला असला तरी ते नकळत स्वतःची मध्यमवर्गीय जीवनमूल्ये गरिबांवर लादतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. विद्यार्थ्यांनी पाहण्यासाठी व शिकण्यासाठी यावे, उद्धारासाठी नव्हे, हा त्यांच्या मांडणीचा आशय होता.

स्थानिकांकडे हस्तांतर :
पियाक्स्तला प्रकल्पाने या पेचातून निराळा मार्ग काढला. गावातीलच अल्पशिक्षित व्यक्तींना आरोग्यसेवक म्हणून प्रशिक्षण देण्यात आले आणि पुढे कार्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची भूमिका उपचारकाकडून शिक्षकाकडे सरकली. याच अनुभवातून १९७३ मध्ये वर्नर यांचे ‘दोंदे नो आय दोक्तोर’ (जेथे डॉक्टर नाही) हे स्पॅनिश पुस्तक सिद्ध झाले. १९७७ मध्ये ते इंग्रजीत आले व पुढे जगभर पोहोचले. उपचारांकडून प्रतिबंधाकडे आणि तेथून आजाराच्या सामाजिक कारणांकडे प्रकल्पाचा प्रवास झाला. जमीनदारांकडून जाचक अटींवर घ्याव्या लागणाऱ्या मक्याला पर्याय म्हणून धान्यपेढीसारखे उपक्रम उभे राहिले. १९८१ मध्ये अपंग ग्रामस्थांनीच चालविलेला ‘प्रोहिमो’ हा पुनर्वसन प्रकल्पही आहोया येथे सुरू झाला.

भारतीय संदर्भ :
याच सुमारास, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे कार्य आरंभिले. तेथेही गावातील स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या. दोन खंडांतील हे स्वतंत्र प्रयोग एकाच निर्णयाप्रत आले, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
विद्यार्थ्यांची स्वयंसेवा निरर्थक होती, असा निष्कर्ष यातून निघत नाही. आहोयातील कार्याचा आरंभ बाहेरून आलेल्यांच्या उत्साहातूनच झाला होता. मात्र ते कार्य टिकले ते ज्ञान गावात रुजल्यामुळे. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे भरविणाऱ्या भारतीय महाविद्यालयांसाठीही हाच निकष उपयुक्त ठरतो. शिबिराचे मोजमाप विद्यार्थ्यांनी किती काम केले यापेक्षा, ते परतल्यानंतर गाव स्वबळावर काय करू शकते, यावरून व्हावयास हवे.