शाळेत धर्म रुजतो कसा? कॅथलिक मिशनच्या इतिहासातून आपण काय घ्यायचे

धसईच्या विहारात आम्ही रविवारी मुलांचा वर्ग घेतो. गेल्या जूनपासून त्यातली चार मुले यायची बंद झाली. घरी जाऊन विचारले, तेव्हा कळले की त्यांची नावे कॉन्व्हेंटमध्ये घातली आहेत आणि रविवारी आता ट्यूशन असते. एका आईला अभिमान होता, पोरगी इंग्रजीत कविता म्हणते. शेजारचे काका मात्र म्हणाले, "तिथं पोरं बाटवतात म्हणे."

हे 'बाटवतात' आपल्या तोंडी शोभत नाही. ज्यांनी आपल्या सावलीचा विटाळ मानला, त्यांचाच हा शब्द. पण काकांच्या मनातला प्रश्न खोटा नाही. शाळा मुलात श्रद्धा कशी रुजवते आणि कोणाच्या मुलात? याचे उत्तर अफवेत नाही, इतिहासात आहे.

आपल्या चळवळीत 'मिशनरी' म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरले जाते. जोतिराव शिकले ती स्कॉटिश मिशनची शाळा आणि सावित्रीमाईंना अध्यापनाचे धडे देणाऱ्या अहमदनगरच्या मिस फरार, हे सारे प्रोटेस्टंट. कॅथलिकांची वाट वेगळी आणि आपल्या भागात जुनी. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या राज्यात धर्मांतराला सत्तेचे बळ होते, गोव्यात तर 1560 पासून इन्क्विझिशन होते. ते झाकायचे कारण नाही. पण जबरदस्तीने लादलेला धर्म सत्ता गेल्यावर टिकत नसतो. 1739 साली चिमाजी अप्पाने वसई घेतली, तरी वसईचे ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. का? कारण तोवर धर्म गावच्या चालीरीतीत मुरला होता. चर्चशेजारी मुले प्रार्थना पाठ करायची, गाणी शिकायची. घरी संध्याकाळी जपमाळ व्हायची. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले ते मराठी ओवीत. लोकांची भाषा धरली म्हणून श्रद्धा टिकली. आजही वसईत चर्च आणि मराठी शाळा शेजारी शेजारी दिसतात, आणि 'सुवार्ता' मासिक 1955 पासून मराठीत निघते.

आपल्याला अधिक जवळचा इतिहास मात्र नगर जिल्ह्यातला आहे. 1878 च्या सुमारास, दुष्काळाने गावे उद्ध्वस्त झाली असताना, जेझुइट फादर राहुरी तालुक्यातल्या केंदळला पोचले. तिथून वळण, संगमनेर असा त्यांचा विस्तार झाला. त्यांच्याकडे गेले ते बहुतांश आपलेच लोक, महार आणि मांग. महारवाड्यात एक खोली, एक मास्तर. तोच मास्तर सकाळी बाराखडी शिकवी, तोच रविवारी प्रार्थना घेई, आजारी माणसाच्या घरी जाई, फादर आले की त्यांच्याबरोबर फिरे. शाळा आणि देऊळ असे दोन भाग नव्हतेच. पाटीवर हात फिरवणारे पोर आणि प्रार्थना म्हणणारे पोर एकच. फादर महिन्यातून एकदा येई, मास्तर रोज असे. श्रद्धा रुजवली ती या कमी पगाराच्या, गावातल्याच माणसाने. त्याचे नाव कोणत्याही कोनशिलेवर नाही.

(हरेगाव आठवा. मतमाउलीची यात्रा जिथे भरते ते गाव. डिसेंबर 1939 मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाची परिषद घेतली तीही तिथेच.)

आता दुसरी बाजू. शहरातली कॅथलिक शाळा कोणासाठी होती? मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज 1869 चे. तिथे शिकले मुख्यतः उच्चवर्णीय आणि पैसेवाले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनवर लिहिताना हाच आरोप ठेवला आहे: ब्राह्मण आधी येईल या आशेवर शाळा काढल्या, त्याने शिक्षण घेतले, धर्म घेतला नाही, आणि जो धर्म घेत होता तो अस्पृश्य शाळेबाहेर राहिला. धर्मांतरितांमध्ये जात तशीच राहिली, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. गोव्यात चर्चचे बंधुसंघसुद्धा जातवार होते. डिसेंबर 2016 मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या दलित धोरणात चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचे मान्य केले. (त्याच महिन्यात आमची धसई 'कॅशलेस गाव' म्हणून टीव्हीवर झळकत होती, त्यामुळे ही बातमी इकडे कोणी वाचली नाही.) दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातीच्या यादीबाहेर आहेत. 1990 मध्ये बौद्धांना मिळाले ते त्यांना मिळालेले नाही. त्यांची लढाई आपली आहे.

मग काकांचा प्रश्न. बहुतेक कॅथलिक शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला बसतात, बाकीची मूल्यशिक्षणाला. 1965 च्या व्हॅटिकन परिषदेने पालक हेच पहिले शिक्षक असल्याचे सांगितले. घर, चर्च आणि शाळा यांचा त्रिकोण त्यांनी ओळखून बांधला. आपल्याकडे मात्र हे काम कोणी शाळेवर सोडतो, कोणी विहारावर, आणि घरात टीव्ही असतो.

घटनेने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. कलम 28 प्रमाणे पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असू शकते, पण सक्तीने नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय नाही. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी याचे समर्थन केले: कराचा पैसा एका धर्मासाठी वापरता येत नाही, आणि इथले धर्म एकमेकांशी वागताना समाजविरोधी ठरतात. कॉन्व्हेंटकडे बोट दाखवणाऱ्यांना विचारा, सरकारी शाळेत सरस्वतीच्या फोटोला हार घालून वर्ग सुरू होतो तेव्हा कलम 28 कुठे जाते? शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांत आदिवासी पोरांकडून आरत्या म्हणवून घेतल्या जातात, तेव्हा कोणी 'बाटवले' म्हणत नाही.

आणि स्वतःलाही विचारू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध 65 लाखांवर, ख्रिस्ती सुमारे 11 लाख. कलम 30 चा शाळा काढण्याचा हक्क दोघांनाही आहे, आपणही अल्पसंख्याक आहोत. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढे सिद्धार्थ आणि मिलिंद उभे केले. नावे बुद्धाच्या परंपरेतली, दारे सर्वांना उघडी. त्यानंतर आपण पुतळे किती उभारले आणि शाळा किती? वाडीतल्या खोलीत रोज बसणारा मास्तर आपल्याकडे कुठे आहे?

त्या चार मुलांच्या पालकांसोबत आम्ही बसलो. कलम 28 चा उतारा वाचून दाखवला. त्यांनी शाळेला साधा अर्ज दिला, मुलांना मूल्यशिक्षणाच्या तासाला बसवावे. शाळेने लगेच मान्य केले, उलट फादरनी चहा पाजला. रविवारचा वर्ग आम्ही शनिवारी संध्याकाळी हलवला आहे. दोघे यायला लागलेत. तिसरा क्रिकेटमध्ये आहे, चौथीच्या आईला विचारायचे आहे.