हुबळीची मंडळी : ‘ललितकलादर्श’चे १९२१ साल

सीमाभागाचा इतिहास सांगावयास बसलो की आपण बहुधा गावांच्या याद्या, जनगणनेचे आकडे आणि आयोगांचे अहवाल यांपासून प्रारंभ करतो. आमच्या व्यवसायाने तर ही सवय आम्हांस अधिकच जडली आहे. परंतु काही संस्था अशा असतात की त्यांचा पत्ता कोणत्याही यादीत सापडत नाही. ‘ललितकलादर्श’ ही अशा संस्थांपैकी एक. नटवर्य केशवराव भोसले यांचे नाव निघाले की सर्वांस कोल्हापूर आठवते, आणि ते योग्यही आहे. कारण ते कोल्हापूरचेच. मात्र त्यांची नाटक मंडळी जन्मली ती कोल्हापुरात नव्हे, पुण्यातही नव्हे, तर १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत. मराठी रंगभूमीच्या एका थोर संस्थेचा जन्म कानडी मुलखातील एका व्यापारी शहरात व्हावा, ही गोष्ट त्या काळी कोणास विशेष वाटली नसावी. ती आज विशेष वाटते, यातच आपल्या परिस्थितीचे मर्म आहे.

त्या वेळी हुबळी मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होती. रेल्वेच्या जाळ्यातील ते मोठे ठाणे. तेथे रेल्वेचा कारखानाही होता. योगायोग असा की, ज्या दिवशी ही मंडळी स्थापन झाली, त्याच दिवशी मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे या दोन कंपन्या एकत्र येऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अस्तित्वात आली. बहुसंख्य लोक कानडी बोलत असलेल्या या प्रदेशास इंग्रज सरकार ‘सदर्न मराठा’ म्हणत असे. ते नाव पूर्वीच्या सत्तेवरून पडलेले होते, लोकांच्या बोलीवरून नव्हे. नावावरून भाषा ठरविणे किती धोक्याचे, हे ध्यानात ठेवण्यास हे एक उदाहरण पुरे. फिरत्या नाटक मंडळीचा संसार म्हणजे पडदे, पेट्या, कपडेपट, स्वयंपाकाची भांडी आणि नटांचा परिवार. हा सारा पसारा रेल्वेच्या आधाराने गावोगाव हिंडत असे. बेळगाव, धारवाड, हुबळी ही तिच्या मार्गावरील ठाणी होती, सीमेवरील नव्हेत.

संस्थापकाचे वय पाहावे. केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. म्हणजे मंडळी उभी करतेवेळी त्यांस अठरावे वर्ष चालू होते. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मनुष्य अज्ञान, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात दिला होता. कायद्याच्या दृष्टीने जो तरुण स्वतःच्या नावाने साधा करारही करू शकत नव्हता, त्याच्या भरवशावर नट, वादक आणि कामगार यांचे एक बिऱ्हाड चालू लागले. लहानपणापासून स्वदेशहितचिंतक मंडळीत वाढलेल्या या मुलाने देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेत नाव मिळविले होते. त्या नाटकाचा पहिला प्रयोगही पुण्या-मुंबईत झाला नव्हता. किर्लोस्कर मंडळीने तो १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे केला. मराठी रंगभूमीच्या ठळक तारखा इतक्या सहजतेने आजच्या महाराष्ट्राबाहेर जाऊन पडतात.

हे एकतर्फी देणे नव्हते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उत्तर कानड्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, आणि त्यांवरून १८४३ साली विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या नाटकांत कानडी पदांच्या चाली घेतलेल्या आहेत. हुबळीजवळील कुंदगोळचे सवाई गंधर्व मातृभाषेने कानडी, पण मराठी रंगभूमीवर गाजले. अशा मुलखात ‘ललितकलादर्श’ जन्मली, म्हणजे उसनवारीच्या जुन्या खात्यात एक नोंद वाढली, इतकेच.

या मंडळीच्या आयुष्यातील कसोटीचे वर्ष म्हणजे १९२१. आदल्या वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले होते. काँग्रेसने बेजवाडा येथे टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प केला. या फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या त्या काळच्या सर्वांत तोलामोलाच्या प्रतिस्पर्धी संस्था. त्यांचे रसिकही दोन तटांत विभागलेले. प्रत्येक मंडळीचा नायक हाच तिचा मालक आणि तिची पतही. दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून तुलनेस सामोरे जाणे म्हणजे ही पत पणास लावणे होय. ती दोघांनी लावली. कोण सरस ठरला, यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले; आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, एका सार्वजनिक कार्यापुढे दोन्ही संस्थांनी आपला अभिमान बाजूस ठेवला.

त्यानंतर तीन महिने उलटण्याच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. वय अवघे एकतीस. मालकाच्या नावावर चालणारी नाटक मंडळी मालकाबरोबरच संपते, असा अनुभव सर्वत्र होता. पडदे आणि पेट्या यांची वाटणी करता येते. तालमीची शिस्त, नाटककारांचा विश्वास आणि प्रेक्षकांचा लोभ यांची वाटणी कोणतेही न्यायालय करू शकत नाही. बापूराव पेंढारकर यांनी धुरा उचलली. पुढच्याच वर्षी मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे गांधीविचाराने भारलेले नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. जुन्या यशावर गुजराण न करता संस्थेने नव्या काळाशी नाते जोडले, म्हणून ती जगली.

या वर्षाच्या अखेरीस आणखी एक तारीख येते. २५ नोव्हेंबर १९२१ रोजी निजामाच्या हैदराबादेत बापूरावांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांचा जन्म झाला. १९३७ साली बापूराव गेले आणि मंडळी विसावली. पुढे याच भालचंद्रांनी तिचे पुनरुज्जीवन केले आणि ‘पंडितराज जगन्नाथ’सारख्या नाटकांनी तिचा लौकिक नव्या पिढीपर्यंत पोहोचविला. हुबळीत जन्म, कोल्हापूरचा संस्थापक, मुंबईतील कीर्तिप्रयोग, हैदराबादेत जन्मलेला वारस : या संस्थेची कुंडली मांडावयाची तर आजची किमान तीन राज्ये लागतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात ज्या ८६५ गावांची मागणी केली आहे, त्यांत हुबळी नाही, आणि ती असावी असे आमचे म्हणणेही नाही. परंतु मागणीत नाही म्हणून ते शहर आपल्या स्मृतीतूनही वगळावे, ही मात्र आपली चूक होईल. कायद्यात मालकी आणि वहिवाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूमीची मालकी राज्ये ठरवितात; भाषेची वहिवाट माणसे चालवितात, आणि ती खंडित झाली की कोणत्याही हुकूमनाम्याने परत मिळत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, कोल्हापूरचे त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. ती वास्तू डोळ्यांसमोर उभी होती, म्हणून तिची राख दिसली. हुबळी, बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील घराघरांतून जुन्या खेळांची हस्तपत्रके, तिकिटे, छायाचित्रे आणि नटांची पत्रे पेट्यांच्या तळाशी पडलेली असतील. ती गेली तर राखही दिसणार नाही. वाचकांस आमची विनंती एवढीच की, ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते शोधावे, त्यावर स्थळ आणि साल लिहून ठेवावे, आणि घरातील एखाद्या सतरा वर्षांच्या मुला-मुलीच्या हाती ते द्यावे. त्या वयात काय काय करता येते, हे हुबळीने १९०८ साली पाहिले आहे.