आवाज दाबला, मळाचे काय?

मॅक्झिम हे नाव उच्चारताच मशीनगन डोळ्यांपुढे उभी राहते. ती बनवणारे सर हायरम मॅक्झिम उतारवयात पुष्कळसे बहिरे झाले होते. आणि त्यांचेच चिरंजीव हायरम पर्सी मॅक्झिम यांना १९०९ साली अमेरिकेत बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. पित्याने गोंगाट वाढवला, पुत्राने त्यावर पांघरूण घातले! या पांघरुणाखाली जो मळ साठतो, त्याच्या इतिहासाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

सायलेन्सरचे तत्त्व साधे आहे. गोळीमागचा तप्त वायू एकदम बाहेर न सोडता नळकांड्यातील पडद्यापडद्यांतून फिरवायचा, निववायचा आणि मग सावकाश सोडायचा. वायू आत अडवला की त्याच्याबरोबरची काजळीही आत अडते, हे ओघानेच आले.

हा त्रास सर्वांत अधिक होतो तो रिमफायर काडतुसांत. पॅरिसच्या फ्लोबेर याने १८४५च्या सुमारास या जातीची पायवाट पाडली, आणि १८५७ साली अमेरिकेतील स्मिथ व वेसन यांनी .२२चे छोटे काडतूस बाजारात आणले. यात पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. गोळी बहुधा उघड्या शिशाची आणि मेण वा चरबी लावलेली असते. मोठ्या रायफलीच्या गोळीला तांब्याचे कवच असते. येथे ते नसल्याने शिसे झिजून पडद्यांवर थरावर थर बसते. वायूचा जोरही बेताचा, त्यामुळे तो थर उडून जात नाही.

जुन्या काडतुसांत आणखी एक शत्रू होता. त्यांतील पोटॅशियम क्लोरेट जळून मिठासारखा क्षार मागे राही, तो हवेतील ओल ओढी आणि पोलाद गंजे. तेलाने तो क्षार निघत नसे. पाण्याने धुऊन, कोरडे करून मगच तेलाचा हात फिरवावा लागे. १९२०च्या दशकापासून गंज न आणणारी काडतुसे अमेरिकेत रुळू लागली. गंज टळला खरा, पण नव्या स्फोटक द्रव्यातही शिशाचेच संयुग आले!

१९३४ साली अमेरिकेने सायलेन्सरवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर बसवला. कर त्या वस्तूच्या किमतीहून कितीतरी पटींनी जड होता. २०२५च्या कायद्याने तो शून्यावर आणला, तरी नोंदणी राहिलीच. अशी वस्तू खराब झाली म्हणून टाकून दुसरी आणणे सोपे नव्हते. म्हणून ती जपणे आले. रिमफायरचे सायलेन्सर पुढे उघडून साफ करता येतील असे होऊ लागले, त्यामागे हीच निकड होती.

मात्र मळ काढतानाही तो माणसाचा पिच्छा सोडत नाही. कोरडे घासले तर शिशाची धूळ श्वासात जाते. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात शिसे झटकन विरघळते. पण त्यातून होणारे लेड ॲसिटेट हे जहाल विष असून ते कातडीतूनही अंगात भिनते. ॲल्युमिनियमचे भाग तर त्यात खाऊन जातात. म्हणून जाणकार ओल्यानेच घासतात, हातमोजे घालतात आणि ते पाणी मोरीत ओतत नाहीत.

आवाज कानाला कळतो, म्हणून त्यावर उपाय लवकर निघाला. शिसे मुकाट्याने काम करते. त्याच्याविषयीचे शहाणपण यायला फार काळ लागला. यंत्राचा इतिहास सांगताना शोधकाबरोबर ते साफ करणाऱ्या हातांचीही आठवण ठेवली पाहिजे, ती याचसाठी.